धरणाचा फोन

सरपंच कालिंदीबाईंना धरणाचा फोन आला. भिंतीतलं यंत्र पूर्वी धरण सुरक्षा मंडळाला फोन करायचं. मंडळ बंद झाल्यापासून पायथ्याच्या गावाला करतं.

“भिंतीला तडा गेलाय. इंजिनिअर पाठवा.”

बाईंनी लगेच मंत्रालयात फोन लावला. तिथलं काटकसरीचं यंत्र गोड आवाजात म्हणालं, “हे धरण आजवर एकदाही फुटलेलं नाही. म्हणून मंडळाचा खर्च वाचवला.”

“अरे मुडद्या, मंडळ होतं म्हणून फुटलं नाही ते. मंत्री कुठायत तुझे?”

“बचतीबद्दल त्यांचा सत्कार आहे. खाली शहरात, नदीकाठच्या मैदानावर.”

बाईंनी गाव टेकडीवर न्यायला देवळाची घंटा बडवायला लावली आणि फोनमध्ये म्हणाल्या, “शाल-नारळ आवरा म्हणावं. धरणच सत्काराला निघालंय.”