चित्राची डावी बाजू

टेबलावर शंख, नदीतले गोटे, फोडलेलं डाळिंब आणि पाखराचं रिकामं घरटं मांडून हे सकाळपासून चित्र काढत बसले होते. संध्याकाळी त्यांचा जुना विद्यार्थी आला आणि चित्र बघून हरखूनच गेला. उजवीकडचं डाळिंब आणि घरटं हुबेहूब उतरलं होतं. डावीकडच्या शंख आणि गोट्यांच्या जागी मात्र कॅनव्हास कोरा होता.

"सर, इकडे भरलेपण आणि तिकडे ही पोकळी! केवढा अर्थ आहे!"

"पोकळी कसली? सगळं काढलंय की मी," हे म्हणाले.

तो हसला. या वयातही यांना नवीन काही सुचतंय, म्हणून मलाही भरून आलं. आमची डॉक्टर लेक नुकतीच कामावरून आली होती. तिने खांद्यावरची पर्सही न काढता विचारलं, "बाबा, टेबलावर काय काय आहे, सांगा बघू."

"डाळिंब आणि घरटं. का, तुला दिसत नाहीये?"

तिचा चेहरा उतरला. ती विद्यार्थ्याकडे वळली. "तुझी गाडी काढ. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल गाठायचंय. बाबांच्या मेंदूत काहीतरी झालंय."

हे मात्र खुर्चीत निवांत बसून लेकीला म्हणाले, "एवढी घाबरतेस कशाला? आणि तुझी आई कुठे गेली?"

मी त्यांच्या डावीकडे उभी होते. त्यांचा हात माझ्या हातात होता.