टेनिस संघाचा भावपूर्ण इतिहास

नंदुरबारला रिक्षावाले जिथून पुढे यायला कुरकुरतात, तिथे आमच्या कॉलनीचा टेनिस संघ आहे. यंदा त्याला पंचवीस वर्षं झाली आणि स्मरणिकेत इतिहास लिहायचं काम सचिव रोहिणीताईंच्या गळ्यात पडलं. कपाटात त्यांना उद्घाटनाच्या दिवसाची अभिप्राय वही सापडली. प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांनी लिहिलं होतं, 'पहिलाच सामना पाहताना अश्रू आवरले नाहीत.'

एवढा कोणता सामना झाला, हे विचारायला रोहिणीताई संघाचे संस्थापक नजीरचाचा यांच्या मिरचीच्या वखारीत गेल्या.

"कसाना सामना, बेटी," चाचा म्हणाले. "कोर्टवर महिनाभर मन्ही मिरची ऊनमा वायत व्हती. त्या दिन सकायले झाडी काढी. पन पहिला बॉल आपटना आनि भुकटी उडनी. मी रडू, समोर दोधू पाटील रडे, बॉल कोनलेच दिखेना. साहेबना डोयामा बी पानी उनं."

"मंग?"

"साहेबले वाटनं, खेळवर आमनं लई प्रेम शे. रडता रडताच मैदानना कागदवर सही करी दिधी."

रोहिणीताईंनी वही मिटली. कोर्टावर दिवे लावून द्या, असा अर्ज त्या अकरा वर्षं करत होत्या.

"चाचा," त्या हळूच म्हणाल्या, "शनवारले नवा साहेब यी ऱ्हायनात. दोन पोता मिरची भेटी का?"