निघालोच

दार उघडून बायको त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "कोण हवंय?"

मेलो, असं तो मनात म्हणाला. फोनवर "निघालोच, जेवायलाच बसू" असं सांगून त्याने दुपार उलटवली होती. पण बायोकेमिस्ट्रीच्या माणसाने तरी काय करावं? साखरेचा पुरवठा तोडला की मेंदूच्या पेशी आधी भलतंसलतं वागतात आणि मग गप्प होतात. त्या किती वेळ तग धरतात हे मोजण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. आज प्रयोगशाळेत त्या नेमक्या भलतंसलतं वागायला लागल्या होत्या. तेवढ्यात उठून घरी कोण येणार?

"तुझा नवरा हवाय," त्याने विनोद करून पाहिला.

ती हसली नाही. टेबलावर दोन ताटं वाढून झाकून ठेवलेली होती. त्यातलं एक उचलून तिने कपड्यांच्या कपाटात, इस्त्रीच्या शर्टांवर ठेवलं.

एवढा राग? त्याने माफी मागायला सुरुवात केली. उशिराबद्दल मागितली. तिच्या भावाकडे जायचं टाळलं, त्याबद्दल मागितली. टेबलाला धरून ती म्हणाली, "चाव्या ओल्या झाल्यात."

हा टोमणा होता, यात त्याला शंका नव्हती. पण कशावर? त्याने डोकं खाजवलं आणि मागे एकदा हरवलेल्या चावीबद्दलही माफी मागून टाकली. ती त्याच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत होती.

समजूत घालावी म्हणून त्याने तिचा हात धरला. हात घामाने थबथबला होता आणि थरथरत होता. मग त्याला ओट्यावरची सुई दिसली. जेवणाआधीचं इन्सुलिन तिने घेतलं होतं, आणि जेवण ताटातच होतं.

तो डब्यांकडे धावला. शरीरात साखरेचा कण कुठून कुठे जातो हे त्याने झोपेतही सांगितलं असतं. स्वयंपाकघरात साखर कुठे असते, हे मात्र त्याला माहीत नव्हतं. एका डब्यात तांदूळ निघाले, ते सांडले. दुसऱ्यातलं पांढरं जिभेवर टाकलं, ते मीठ निघालं.

"अगं, साखर कुठे ठेवतेस?"

"आपल्याकडे?" ती म्हणाली, आणि विचारात पडली.

चहाच्या डब्यामागे एकदाची साखर सापडली. पाण्यात कालवून त्याने ती तिला घोट घोट पाजली. अर्धी तिच्या कपड्यांवर सांडली. मग तो तिच्यासमोर खालीच बसून राहिला. इतका तो आयुष्यात कधी घाबरला नव्हता.

"तांदूळ कुणी सांडले?" बऱ्याच वेळाने ती म्हणाली. नजर ओळखीची झाली होती.

त्याला रडूच आलं. "मला वाटलं, तू रागावलीस."

"तुम्ही निघालोच म्हणालात, म्हणून मी टोचून घेतलं."

तिच्या बोटातून रक्ताचा थेंब काढून त्याने तिच्या छोट्या यंत्रावर साखर तपासली. आकडा आता बरा होता.

"ठीक आहे," डोळे पुसत तो म्हणाला. "म्हणजे ते सगळं साखरेमुळे. तू रागावली नव्हतीस."

"रागावलेच होते," ती म्हणाली. "अजून आहे."

त्याने ते छोटं यंत्र उचललं आणि आकडा पुन्हा एकदा पाहिला.