न उतरलेला वज्रगेंडा

"शाल्मली, गेंडा काढ ना!" मागून पोरं ओरडत होती. मोबाइलवरच्या राक्षसयुद्धाची फायनल, आणि माझी भाची सगळ्यांत बलाढ्य वज्रगेंडा मागे ठेवून किरकोळ राक्षसच लढवत होती.

गेंडा येईल या धास्तीनं समोरचा मुलगा आपली एकुलती एक ढाल जपत राहिला. ती वापरायच्या आतच त्याचा शेवटचा राक्षस आडवा झाला. गेंडा मैदानात उतरलाच नाही.

"ही चाल कोणत्या कोचनं शिकवली?" निवेदकानं विचारलं.

तिनं माझ्याकडे बोट केलं. "माझ्या आत्यानं. पत्त्यांत मेंढीकोट खेळताना हुकमाचा एक्का ती शेवटपर्यंत दाबून ठेवते, आणि आम्ही भिऊन भलतीच पानं टाकतो."

सगळा हॉल वळला. मी पदर सावरून उभी राहिले. "रविवारी या घरी," म्हटलं, "पत्ते पिसून ठेवते."