तांब्यातलं पाणी

तरण्या कोंडीबाच्या गळ्याजवळच्या शिरेत सलाईनची नळी घातली होती. तिच्यातूनच जंतूंचं विष रक्तात भिनलं आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. सगुणा सिस्टर त्याच्या आईदेखतच डॉक्टरांना म्हणाली, "आईनं कपाळाला लावलेला अंगारा नळीवर सांडला, दुसरं काय!"

सत्त्याहत्तर सालची गोष्ट. त्याची आई हरणाबाई म्हसवडला परतलीच नाही. साताऱ्याच्या त्या दवाखान्यात, वॉर्डाच्या दारात ती रोज तांब्या घेऊन उभी राही आणि आत जाणाऱ्याच्या हातांवर पाणी घाली. "नीट धुवा. माज्या हातानं माजं लेकरू गेलं."

सगुणालाही थांबवी. "तुमी लय केलंसा त्येचं, बाई. आना हात."

सगुणा मान खाली घालून हात पुढं करी.

विष भिनायच्या आदल्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्याची पिकलेली जखम पुसून, न धुताच कोंडीबाच्या नळीची पट्टी बदलणारे तेच हात.