दाराचं रबर

आमचा फ्रीज गार होईना. दूध नासलं, कालच्या मीटलोफवर, म्हणजे खिम्याच्या भाजलेल्या लादीवर, बुळबुळीत थर चढला आणि टोलीडोतल्या आमच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात उंदीर मेल्यासारखी घाण सुटली. मी नाक दाबून सगळा फ्रीज रिकामा केला.

"दाराचं रबर सैल झालं असणार," माझा नवरा ऑर्विन म्हणाला. त्याच्या वडिलांची रीत होती: दारात एक डॉलरची नोट धरायची, दार लावायचं आणि नोट ओढायची. सहज निघाली तर रबर सैल.

नोट सहज निघाली. मग त्यानं रबराला बोटानं व्हॅसलीन चोपडलं, फुटलेल्या ओठांना लावतात तसं.

"आता लिपस्टिकही लाव," मी म्हणाले.

पुन्हा दार लावलं, तर नोट घट्ट बसली. ऑर्विन खूश झाला. तेवढ्यात नोट त्याच्या चिमटीतून सुटली आणि सावकाश आत गेली.

जराशानं ती आपणहून बाहेर आली. कोमट, लाळेनं चिकट, चघळून लगदा झालेली.

"आत काहीतरी अडकलंय," म्हणत ऑर्विननं फटीत बोट घातलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"चावलं का काही?"

"नाही गं," तो हळूच म्हणाला. "चोखतंय."