अजून थोडं पुढे

"अजून थोडं पुढे घेऊ," असं म्हणत चंद्रहासराव तिसऱ्यांदा गाडीतून उतरले. लखनौबाहेर मलिहाबादच्या रस्त्यावर, आमराईच्या कडेला त्यांच्या मुलाने, मयूरने, जिप्सी उभी केली होती. बॉनेट उघडून त्यांनी प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा नट सैल केला, तो केसभर फिरवला आणि पुन्हा आवळला. आता ठिणगी आणखी दोन अंश आधी पडणार होती.

जिप्सी सत्तावीस वर्षांची, टर्बो दहा दिवसांचा. टर्बोने इंजिनात हवा जास्त कोंबली की पेट्रोलही जास्त द्यावं लागतं आणि ठिणगी उशिरा पाडावी लागते, नाहीतर इंजिन जळतं. एवढं टर्बो बसवणाऱ्या आलमबागच्या मेकॅनिकला, नफीस उस्तादलाही ठाऊक होतं. त्याने कार्बुरेटरला पेट्रोल सोडणारा मोठा जेट बसवला आणि ठिणगीचं टाइमिंग भरपूर मागे ठेवलं. गाडी सुरक्षित झाली आणि म्हशीसारखी चालायला लागली. गोमतीनगरात एक जण इंजिनाला सेन्सर चिकटवून सगळं लॅपटॉपवर बघतो, त्याच्याकडे न्या, असं उस्तादने सुचवलं. लखनौतच वाढलेला मयूर मात्र घरी येऊन त्याच्या नेहमीच्या हिंदीत म्हणाला, "बाबा, आप ही सुनके सेट कर दीजिए ना."

चंद्रहासरावांना इतका आनंद झाला की तो लपवायला त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. तीस वर्षं त्यांनी सरकारी संस्थेत इंजिनं तपासली होती. निवृत्त झाल्यापासून विचारायची पाळी त्यांच्यावरच आली होती. फोन अडकला, विचार मयूरला. बिल भरायचंय, विचार मयूरला. आणि आता मयूर त्यांना विचारत होता. लॅपटॉपचं नाव निघाल्यावर त्यांनी हात झटकला. देवाने कान कशाला दिलेत?

त्यांची पद्धत जुनी आणि पक्की होती. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि दर फेरीला टाइमिंग थोडं पुढे न्यायचं. एका ठिकाणी इंजिनातून बारीक टिकटिक येते, पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवल्यासारखी. ती आली की थांबायचं आणि चार अंश मागे यायचं. तिथे गाडीला जोरही मिळतो आणि इंजिनही सुखरूप राहतं. संस्थेत ही टिकटिक सगळ्यांच्या आधी चंद्रहासरावांना ऐकू यायची. बाकीचे लोक नंतर माना डोलवायचे.

मयूरने गाडी काढली. उन्हाने रस्ता भाजून निघाला होता, खिडक्यांतून गरम वारा भसाभस आत येत होता. चंद्रहासराव डोळे मिटून, मान जराशी तिरपी करून बसले. इंजिनाची घरघर स्वच्छ ऐकू येत होती. टर्बोचा घुमणारा आवाजही येत होता. टिकटिक नव्हती.

हल्ली टीव्हीवरची माणसं पुटपुटतात, अशी त्यांची तक्रार होती. आवाज वाढवला की त्यांची बायको, हेमाताई, वैतागायच्या. चूक अर्थात मालिकावाल्यांची.

"अजून थोडं पुढे," त्यांनी पुन्हा गाडी थांबवायला लावली. उतरून नट सैल, केसभर, नट घट्ट. मयूर स्टिअरिंगवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला.

पाचव्या फेरीला जिप्सी अशी काही उधळली की म्हाताऱ्याला हसूच आलं. मग बॉनेटखाली दणका बसला, जोर एकदम ओसरला आणि मागून निळ्या धुराचा लोट निघाला.

मयूरने गाडी कडेला घेतली. इंजिन जरा निवल्यावर चंद्रहासरावांनी फडक्यात धरून एकेक प्लग काढला. पहिल्या दोन्ही प्लगांचा रंग सुरेख, तपकिरी. पेट्रोलचं प्रमाण अगदी बरोबर होतं. तिसऱ्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर चांदीसारखे बारीक ठिपके उडाले होते. ते ॲल्युमिनियम होतं; आतला पिस्टन वितळला होता.

त्यांनी तो प्लग फडक्याने पुसून उन्हात धरला; ठिपके गेले नाहीत. टिकटिक झाल्याशिवाय पिस्टन असा वितळत नाही, हे त्यांनीच नव्या इंजिनिअरांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं. म्हणजे ती झाली होती.

"मयूर, तुला टिकटिक ऐकू येत होती?"

"हाँ. दूसरे राउंड से."

"मग बोलला का नाहीस?"

मयूरने त्यांच्या हातातल्या प्लगकडे पाहिलं. "बोला था, बाबा. दो बार. आपने जवाब ही नहीं दिया. मुझे लगा, हमेशा की तरह मेरी बात काट रहे हैं."

मग तो पाठ फिरवून रस्त्याकडे बघत आणखी काहीतरी बोलला. त्याचे खांदे हलले, हात वर झाला, खाली पडला. बोलणं बरंच लांबलं. चंद्रहासरावांना त्यातला एक शब्दही कळला नाही.

"हो," ते म्हणाले.